कोकणात वॉल क्लाइंबिंगचा ग्रुप कसा जमवायचा आणि टिकवायचा

हे कोणासाठी लिहितेय ते आधी सांगते. पुण्यात नाहीतर मुंबईत नोकरी करताना क्लाइंबिंग जिमची सवय लागली आणि आता रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, मालवण असं कुठेतरी घरी परत आलात, हात शिवशिवतायत, अशांसाठी. किंवा तुम्ही इथलेच आहात, ऑलिंपिकमध्ये त्या रंगीत होल्ड्सना (भिंतीवर बसवलेल्या पकडींना) लटकणारी पोरंपोरी बघितलीत आणि आपल्याकडे असं काही होईल का असं वाटून गेलं, त्यांच्यासाठीही. भिंत कशी उभी करायची याचे व्हिडिओ ढीगभर आहेत, मी पण त्यातलं आपल्या हवेला लागू पडेल तेवढं सांगणारच आहे, पण माझा खरा जोर माणसांवर आहे. शहरातली जिम फीवर चालते. आपल्या तालुक्याच्या गावात फीवर काही चालणार नाही, भिंत टिकली तर येणाऱ्या माणसांमुळेच टिकेल, त्यामुळे माणसांचा विचार प्लायवूडच्या आधी करायचा.

पहिला प्रश्न: आपण क्लाइंबर आहोत का?

हा प्रश्न येतोच. ग्रुप सुरू झाला की कोणीतरी ट्रेकवाला ओळखीचा म्हणणार, प्लायवूडवर काय चढता, खरं चढायचं तर सह्याद्रीत चला. तो वाईट मनाने म्हणत नसतो, पण नवीन आलेली बारावीतली मुलगी ते ऐकते आणि पुढच्या आठवड्यापासून "मी जरा भिंतीवर टाइमपास करते" असं सांगायला लागते, आणि ज्याला आपण स्वतःच टाइमपास म्हणतो त्याच्यासाठी कोणी पावसात घराबाहेर पडत नाही. म्हणून याचं उत्तर ग्रुपमधल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

उत्तर असं आहे. १९६४ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स युनिव्हर्सिटीत डॉन रॉबिन्सन या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने एका पॅसेजच्या भिंतीत दगडाचे तुकडे बसवले, बाहेर हवा खराब असताना मुलांचा सराव चालू राहावा म्हणून. तेव्हा भिंत ही डोंगराची तयारी होती हे खरंच आहे. पण नंतर ती स्वतःच्या पायावर उभी राहिली. टोकियो ऑलिंपिकमध्ये (नाव २०२० चं, झालं २०२१ मध्ये) स्पोर्ट क्लाइंबिंग पहिल्यांदा आलं, २०२४ च्या पॅरिसमध्ये स्पीडला, म्हणजे कोण आधी वर पोचतं त्या शर्यतीला, वेगळं मेडल मिळालं, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिसमध्ये बोल्डर (बुटक्या भिंतीवर, दोराशिवाय), लीड (उंच भिंतीवर, दोर अडकवत) आणि स्पीड अशी तिन्ही वेगवेगळी मेडल्स आहेत. स्पीडची भिंत १५ मीटर उंच आणि तिच्यावरचा रूट जगात सगळीकडे तोच. यातलं काहीही डोंगरावर होत नाही. आणि लांब कशाला जायचं, २०१६ आणि २०१७ मध्ये बोल्डरिंगचा वर्ल्ड कप नवी मुंबईत झाला, म्हणजे सरकारी हिशेबाने कोकण विभागातच, आणि तो घडवून आणण्यात गिरिविहार ही मुंबईची जुनी गिर्यारोहण संस्था पुढे होती. ज्यांनी सह्याद्रीचे कडे चढण्यात उमर घालवली तेच भिंतीच्या मागे उभे राहिले, मग आपल्याला संकोच कसला.

शिवाय आपल्या दाराशी काय आहे ते बघा. जांभा. घर बांधायला चिरा उत्तम, पण चढायला तो भोकाभोकांचा, कुरकुरीत, बोटं सोलणारा आणि भाराने तुटणारा. सड्यावरचा कातळ तर आडवाच पसरलेला. किल्ल्यांच्या तटावर चढायची कल्पना कोणाच्या डोक्यात आली तर तिथेच थांबवा, सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग या संरक्षित वास्तू आहेत, आणि सड्यावर कातळशिल्पं असतात तिथे तर बूट घालून उगाच फिरूसुद्धा नये. वर जून ते सप्टेंबर पाऊस. म्हणजे किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाची चढायची हक्काची जागा ही छपराखालचीच. घाटावर जाऊन कोणी कड्यावर चढलं तर आनंदच आहे, पण ते केल्याशिवाय क्लाइंबर होता येत नाही असं ग्रुपमध्ये कोणी बोललं तर मोठ्या माणसांनी लगेच आणि प्रेमाने खोडून काढायचं.

आमच्याकडे यासाठी एक साधी सवय आहे. नवीन माणसाची ओळख करून देताना "ही पण क्लाइंबर आहे" असं म्हणायचं, पहिल्याच दिवशी, तिने भिंतीला हात लावायच्या आधी. आणि "किती वर्षं करतेस?" विचारायचं नाही, "आज काय ट्राय करतेयस?" विचारायचं. ऐकायला लहान वाटतं, पण वर्षं विचारली की नवीन माणूस मागे सरकतो आणि आज काय करतेस विचारलं की भिंतीकडे बघायला लागतो.

जागा

कोकणात सगळ्यात चांगली जागा म्हणजे आंब्याची शेड. विचार करा, पेट्या भरायचं काम मार्चपासून मेअखेर, फारतर जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, आणि मग ती शेड पुढच्या सीझनपर्यंत बहुतेक रिकामी, नेमकं तेव्हाच जेव्हा बाहेर काहीच करता येत नाही. बागायतदाराशी बोला, भाड्यापेक्षा त्याच्या घरातली मुलं ग्रुपमध्ये आली तर जास्त फरक पडतो. मात्र सीझनमध्ये शेड त्याची, तेव्हा मॅट उचलून भिंतीला उभ्या करून जागा मोकळी करून द्यायची, हे आधीच ठरवा आणि पाळा. शेड नसेल तर मांगर, शाळेचा हॉल, बंद पडलेली व्यायामशाळा. साडेतीन मीटर उंची मिळाली तरी पुष्कळ, कारण भिंत ३०-४० अंश पुढे झुकवली की कमी उंचीतसुद्धा भरपूर मूव्ह बसतात.

बांधकामाबद्दल थोडक्यात, कारण हे बहुतेक ठिकाणी मिळेल, फक्त आपल्याकडचे मुद्दे सांगते. फ्रेम स्वतःच्या पायावर उभी राहणारी करा, लोखंडी चौकोनी पाईपची, गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून, आणि ओळखीच्या सिव्हिल इंजिनिअरला ड्रॉइंग दाखवून मगच. चिऱ्याच्या भिंतीत बोल्ट ठोकून त्यावर माणसं लटकवू नका, चिरा मऊ असतो. प्लाय १८ मिलिमीटरचा मरीन, त्यावर आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या, आणि कापलेल्या कडांना व भोकांना नीट रंग किंवा सीलर लावा, पाणी तिथूनच शिरतं. टी-नट (प्लायच्या मागून बसवायचे नट, ज्यांत होल्डचा बोल्ट फिरतो) एम १० चे, साधारण २० सेंटिमीटर अंतरावर. खारी हवा साध्या बोल्टला दोन पावसाळ्यांत खाते, म्हणून बोल्ट स्टेनलेसचे घ्या, अगदी समुद्राकाठी असाल तर ३१६ ग्रेडचे, आणि बसवताना थोडं ग्रीस लावा, नाहीतर स्टेनलेसमध्ये स्टेनलेस असा घट्ट धरतो की अॅलन की फिरत नाही. भिंतीच्या मागे वारा खेळायला जागा सोडा, नाहीतर बुरशी.

मॅटवर कंजुषी अजिबात नको. घरातल्या जुन्या गाद्या अंथरून चालेल असं सगळ्यांना वाटतं, पण त्यात पाय रुततो आणि घोटा मुरगळतो. वर कडक फोमचा थर, खाली मऊ फोमचा जाड थर, जिममध्ये मिळून साधारण ३० सेंटिमीटर असतो तेवढा तरी, आणि दोन मॅटच्या मध्ये फट नको. पावसाची झड येते त्या बाजूला ताडपत्री बांधा. रोज निघताना मॅट उभ्या करून ठेवल्या तर खालून कुबट होत नाहीत.

दमट हवेचं काय, हा प्रश्न पुण्याहून आलेला प्रत्येक जण विचारतो. हात घामेजतात, स्लोपर (गोलसर, धरायला कड नसलेले होल्ड) साबणासारखे लागतात, हे आहेच. एक मोठा पंखा भिंतीकडे तोंड करून लावा, लिक्विड चॉक आधी आणि त्यावर साधा चॉक, आणि प्रत्येकाने उतरल्यावर ब्रश मारायचा. चॉक म्हणजे हाताचा घाम शोषणारं मॅग्नेशियम कार्बोनेट, तो क्लाइंबिंगमध्ये आणला जॉन गिल या अमेरिकन गणितज्ञाने, १९५० च्या दशकात, तो जिम्नॅस्टिक्स करायचा तिथून. पण मला विचाराल तर आपल्या हवेत चॉकपेक्षा लाकडाचे होल्ड जास्त कामाचे.

आणि लाकूड आपल्याकडे आहे! फणसाचे, आंब्याचे तुकडे सुताराकडे पडलेले असतात. त्याच्याकडे जा, भिंत दाखवा, एक होल्ड हातात द्या आणि असा बनवता येईल का विचारा. कडा गोल करायच्या, पॉलिश पेपरने घासायचं, वॉर्निश अजिबात मारायचं नाही, बोल्टशिवाय बाजूला एक-दोन स्क्रू मारायचे म्हणजे होल्ड फिरत नाही. कातडी कमी सोलवटते, खर्च कमी, आणि मुख्य म्हणजे सुतारकाका ग्रुपचे होतात. आमच्याकडे भिंतीवरचे सगळ्यात लाडके पिंच (चिमटीत धरायचे होल्ड) एका सुतारकाकांनी फणसाचे बनवलेत आणि ते स्वतः न चढतासुद्धा आठवड्यातून एकदा कुठला होल्ड हलतोय ते बघून जातात.

मॅटवरची बैठक

आता मुख्य मुद्द्यावर येते. बोल्डरिंगमध्ये माणूस चढतो किती वेळ? एक ऍटेम्प्ट अर्ध्या मिनिटाचा, आणि जोराचा असेल तर पुढच्या आधी तीन-चार मिनिटं बसायला लागतं, नाहीतर हातात काही उरत नाही. म्हणजे दीड तासातला बहुतेक वेळ आपण मॅटच्या कडेला बसलेलो असतो. ग्रुप तयार होतो तो त्या बसण्यात. तुम्ही भिंत कितीही भारी बांधलीत आणि बसायला जागा नाही, किंवा जो तो कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसला, तर सहा महिन्यांत चार जण उरतील.

म्हणून बसायची सोय मुद्दाम करा. भिंतीकडे तोंड करून एक लांब बाकडं, सगळे एकाच बाजूला, म्हणजे चढणारा सगळ्यांना दिसतो. पडायच्या जागेत कोणी बसायचं नाही, हे मात्र कडक. स्पीकर लावलात तरी आवाज बारीक, आधीच पत्र्यावरच्या पावसात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. भजनात एक जण म्हणतो आणि बाकीचे झील धरतात तसं इथे चालतं, एक वर आणि बाकीचे खालून त्याला धरून, आणि झील धरणाऱ्यांचं लक्ष उडालं की वरच्याचा पण जोर जातो. ओरडायचं तर नाव घेऊन ओरडायचं. "कम ऑन" ठीक आहे, पण त्याच्यापुढे नाव लागलं की फरक पडतो, म्हणून पहिल्या दिवशी नावं पाठ करायची हे जुन्यांचं काम. आणि आपल्या बोलीत ओरडा, "मेल्या, पाय बघ आधी!" हे मालवणातल्या पोराला जेवढं कळतं तेवढं कुठल्या परदेशी शब्दाने कळत नाही. क्रिम्प (बोटांच्या टोकांनी धरायची बारीक कड), जग (हात भरून धरता येणारा मोठा होल्ड), हील हूक (टाच अडकवणं) हे शब्द राहू देत, त्यांना पर्याय शोधत बसायची गरज नाही, फक्त नवीन माणसाला एकदा होल्डला हात लावून दाखवा कशाला काय म्हणतात.

बीटा, म्हणजे मूव्ह कशी करायची ते, सांगण्याबद्दल एक नियम हवाच. कोणी एखाद्या मूव्हवर अडलंय आणि तुम्हाला उत्तर माहितेय, तर आधी "सांगू का?" विचारायचं. नाही म्हणाली तर गप्प बसायचं, ते तिचं कोडं आहे. विशेषतः मुलगी चढत असताना तीन मुलगे एकाच वेळी उजवा पाय, डावा हात सुरू करतात ना, ते बंद व्हायलाच पाहिजे, मी हे फार ठिकाणी बघितलंय आणि यामुळे चांगल्या चढणाऱ्या मुली यायच्या थांबल्यात.

ग्रेडचं, म्हणजे किती अवघड याच्या नंबरांचं, भूत लांब ठेवा निदान सुरुवातीला. व्ही स्केल जॉन शेरमनने अमेरिकेतल्या ह्युको टँक्समधल्या दगडांसाठी बनवली, युरोपात फोंटेनब्लोची ग्रेड चालते, दोन्ही उपयोगी आहेत, पण छोट्या भिंतीवर, एकाच माणसाने सेट केलेल्या प्रॉब्लेमला (ठरवून दिलेल्या होल्डवरून वर जायच्या वाटेला) नंबर देऊन काय कळणार? त्याऐवजी नावं द्या. आमच्याकडे "शेवटची एसटी" आहे (शेवटच्या होल्डसाठी उडी मारावी लागते), "खाजण" आहे (सगळे पाय घसरतात), "काजूची बी" आहे. ज्याने प्रॉब्लेम पहिल्यांदा टॉप केला त्याने नाव द्यायचं, मग वय काहीही असो. "मला व्हीथ्री येतो" आणि "मला खाजण आलं" यातलं दुसरं वाक्य फक्त आपल्या भिंतीवर बोलता येतं, आणि आपलेपणा असाच जमतो.

भिंत कुठल्या पद्धतीची करायची तर मी डोळे मिटून स्प्रे वॉल सांगेन, म्हणजे होल्ड दाटीने लावलेले आणि प्रॉब्लेम आपण काठीने दाखवायचे, "इथून, इथे, मग इथे". कोणीही सेट करू शकतो, रोज नवीन. त्यावर ॲड-ऑन खेळा: पहिल्याने दोन मूव्ह करायच्या, दुसऱ्याने त्या करून आणखी दोन जोडायच्या, असं पुढे, जो विसरला किंवा पडला तो बाद. पहिल्याच संध्याकाळी दहा अनोळखी माणसं एकमेकांशी बोलायला लागतात. पुढे पैसे जमले तर मूनबोर्डचा विचार करा, शेफिल्डच्या बेन मूनने काढलेला, ठरलेले होल्ड ठरलेल्या जागी, त्यामुळे पुण्यातला तुमचा मित्र करतोय तोच प्रॉब्लेम तुम्ही इथे करू शकता. ती जोडलं जाण्याची गंमत मोठीच आहे. पण पहिली दोन-तीन वर्षं स्वतःचेच प्रॉब्लेम बनवा, आधी आपली भिंत आपली होऊ दे.

आणि सेट कोण करतो याकडे लक्ष ठेवा. सगळ्यात उंच मुलगा सेट करत राहिला तर सगळे प्रॉब्लेम त्याच्या हाताच्या लांबीचे होतात, मग पाच फुटांची ताई पोचत नाही आणि तिला वाटतं तिच्यातच कमी आहे. बुटक्या लोकांना, मुलींना, मुलांना काठी द्या. त्यांनी काढलेल्या प्रॉब्लेममध्ये उंच माणसांची घडी होते आणि ते पण काहीतरी शिकतात.

कोण येईल, कोणाला बोलवायचं

आपल्याकडे आधीच चढणारी माणसं आहेत हे विसरू नका. माडावर चढून नारळ काढणारे दादा, लहानपणापासून चढणारे, त्यांच्या पायाची पकड आणि उंचीवरचं शांत डोकं बघून घ्या. रापण ओढणाऱ्यांची बोटं बघा. दहीहंडीतले गोविंदा बघा, तोल आणि भरवसा दोन्ही त्यांच्या अंगात असतो, त्यांना फक्त एक गोष्ट वेगळी शिकवायची: इथे पडणाऱ्याला झेलायचं नाही, त्याचा तोल सावरून तो पाठीवर किंवा डोक्यावर न पडता मॅटवर नीट पडेल एवढंच बघायचं. या सगळ्यांना "बघायला या" म्हणू नका, "चढायला या" म्हणा. शूज नसले तरी चालतं, पहिले काही दिवस स्वच्छ अनवाणी पायांनी मोठ्या होल्डवर मजेत चढता येतं. दोन-चार वेगवेगळ्या मापांचे जुने शूज ग्रुपचे म्हणून ठेवा, पावसाळ्यात त्यात रद्दी पेपर कोंबून ठेवायचे, नाहीतर बुरशी धरते.

मुली यायला हव्या असतील तर वेळ एसटीच्या वेळापत्रकाकडे बघून ठरवा. सेशन साडेसहाला संपलं आणि तिच्या वाडीची शेवटची गाडी सहाला असेल तर ती येणार नाही, आणि तुम्ही म्हणत बसाल की मुलींना इंटरेस्टच नाही. कपडे बदलायला कडीचा दरवाजा असलेली जागा पाहिजे. आईवडलांना एकदा बोलावून बाकड्यावर बसवा, चहा द्या, लेक काय करते ते त्यांना समोर दिसू दे. आमच्याकडे दोन आया अशाच बसायला आल्या आणि आता साडी खोचून ट्रॅव्हर्स करतात, म्हणजे भिंतीवर वर न जाता आडवं आडवं चालत जातात, आणि ते दिसतं त्यापेक्षा अवघड असतं. आणि फोटो, व्हिडिओ विचारल्याशिवाय काढायचा नाही, टाकायचा तर त्याहून नाही. गाव लहान आहे, एक रील घरात पोचला की पोरीचं येणं बंद होतं.

लहान मुलांना खेळू द्या, पण वाढीच्या वयात बोटांच्या हाडांच्या ग्रोथ प्लेट्स नाजूक असतात, म्हणून त्यांना छोट्या क्रिम्पवर जोर लावायला आणि कॅम्पस बोर्डवर (पाय न लावता फक्त हातांनी चढायच्या पट्ट्यांच्या फळीवर) लटकायला देऊ नका. तो बोर्ड जर्मनीच्या व्होल्फगांग ग्युलिखने १९८८ मध्ये न्युरेंबर्गला स्वतःच्या ट्रेनिंगसाठी लावला होता, आणि तो जगातल्या सगळ्यात ताकदवान क्लाइंबर्सपैकी होता. आपल्या सातवीतल्या पोराला त्याची काही गरज नाही. बोट दुखतंय म्हणाला तर ताणायला लावू नका, बाकड्यावर बसवून काठी द्या आणि प्रॉब्लेम बनवायला सांगा. जखमी मोठ्यांनाही हेच. दुखापत झालेला माणूस घरी बसला की ग्रुपपासून तुटतो, त्याला यायला कारण पाहिजे.

कोणाला स्पर्धेत जायचंच असेल तर दिल्लीच्या इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशनच्या झोनल आणि नॅशनल स्पर्धा आहेत, महाराष्ट्र वेस्ट झोनमध्ये येतो. तयारीसाठी लीड आणि स्पीडच्या उंच भिंती लागतात, त्यासाठी पुण्या-मुंबईला जावंच लागेल.

कोकणाचं कॅलेंडर

शहरातल्यासारखं बारा महिने एकसारखं वेळापत्रक लावाल तर निराश व्हाल. लावणीत जुलैमध्ये अर्धा ग्रुप शेतात असतो. त्याला गैरहजेरी धरू नका, उलट एक रविवार सगळे मिळून कोणाच्या तरी शेतात लावणीला जा, कंबर दुखेल पण त्यानंतर तो माणूस भिंत सोडत नाही. शिमग्यात पालखी घरोघर येत असते, ते दिवस सरळ बंद ठेवा.

गणपती हा आपला मोठा मोका. चाकरमानी येतात, त्यांच्यातले काही मुंबईत जिममध्ये चढणारे असतात, आणि त्यांना गावात भिंत आहे हे कळलं की डोळे मोठे होतात. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की मधला एखादा मोकळा दिवस धरून छोटी स्पर्धा ठेवा. दहा प्रॉब्लेम, प्रत्येकाने आपला स्कोअर आपण लिहायचा, पहिल्या ऍटेम्प्टमध्ये झाला तर जास्त गुण, बक्षीस म्हणून ओल्या काजूगराचा मोसम नसतो तेव्हा फणसाची साटं किंवा कोकमाची बाटली. येणाऱ्यांना आधीच सांगा की तुमच्याकडचे जुने होल्ड, जुने शूज, उरलेले बोल्ट घेऊन या, तुतारी किंवा मांडवी एक्स्प्रेसने येताना एक पिशवी जास्त काही जड होत नाही. आमच्या भिंतीवरचे बरेच होल्ड असेच रेल्वेने आलेत.

या पाहुण्यांबद्दल एक सांगते. ते जास्त चांगले चढतात बहुतेक वेळा, त्यांची भिंत मोठी, सवय रोजची. ते येऊन सगळे प्रॉब्लेम एका संध्याकाळी संपवतात आणि रोज येणारी मंडळी हिरमुसतात. त्यावर उपाय म्हणजे पाहुण्याच्या हातात काठी द्यायची आणि सांगायचं, आमच्यासाठी दोन प्रॉब्लेम ठेवून जा. मग तो गेल्यावर महिना-दोन महिने सगळे त्याच्या प्रॉब्लेमवर झुंजतात, झाला की त्याला व्हिडिओ पाठवतात, आणि तो मेमध्ये पुन्हा येतो.

पैसे आणि किल्ली

वर्गणी ठेवा, फी ठेवू नका. मंडळाची वर्गणी कशी असते हे आपल्याला कोणी शिकवायला नको: ज्याला जमतं तो जास्त देतो, ज्याला नाही तो राबतो, आणि वर्षातून एकदा हिशेब सगळ्यांसमोर वाचला जातो. वही बाकड्यावरच ठेवा, कोणीही उघडून बघावी. एका माणसाने सगळा खर्च केला तर भिंत त्याची होते, त्याच्या मूडवर चालते, आणि त्याची बदली झाली की बंद पडते. म्हणून मोठ्या मनाच्या देणगीदाराला सुद्धा सांगा की मॅटचे पैसे द्या, पण फ्रेम वर्गणीतूनच.

अपघाताची तयारी आधी करा. जवळच्या हॉस्पिटलचा आणि ॲम्ब्युलन्सचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात, प्रथमोपचाराची पेटी, अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांचं सहीचं पत्र, आणि कोणी एकट्याने चढायचं नाही. नवीन माणसाला चढायच्या आधी पडायला शिकवा: दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, मग मागे लोळायचं, हात मागे टेकायचे नाहीत कारण मनगट आणि कोपर तिथेच जातात.

आणि किल्ली, अॅलन की, वही, व्हॉट्सॲप ग्रुपचं ॲडमिनपद, हे सगळं कायम दोघांकडे असू दे, त्यातलं एक तरी नवीन माणूस, आणि दर वर्षी गणपतीनंतर त्यातला एक बदला. जो बदलला जाईल त्याने पुढच्याच्या सोबत बसून एकदा सगळे बोल्ट घट्ट करून दाखवायचे, कुठला टी-नट फिरतो, कुठल्या कोपऱ्यात पाणी झिरपतं, कोणाच्या घरी फोन केला तर शिडी मिळते. हे करायला दिवाळीची सुट्टी सगळ्यात बरी पडते, पाऊस थांबलेला असतो आणि शेडला अजून आंब्याची घाई नसते.